लहान संस्थेच्या नेटवर्कमध्ये सुरक्षा-उल्लंघन नेमके कशाला म्हणावे आणि त्याची नोंद कशी ठेवावी?

प्रशासन_धंतोली (प्रश्न)

नमस्कार. नागपुरातील धंतोली भागातल्या एका निदान केंद्राच्या प्रशासनाची जबाबदारी माझ्याकडे आहे. तळमजल्यावर नोंदणी कक्ष, पहिल्या मजल्यावर प्रयोगशाळा आणि त्याच्या वर लेखा विभाग अशी आमची रचना आहे. तीसेक संगणक, दोन सर्व्हर, रक्ततपासणीच्या यंत्रांना जोडलेले काही जुने संगणक, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हजेरीचे यंत्र आणि प्रतीक्षागृहातील रुग्णांसाठी दिलेले वाय-फाय हे सर्व एकाच नेटवर्कवर आहे. संचालकांनी मला सुरक्षा-उल्लंघनांची नोंदवही सुरू करण्यास सांगितले असून प्रत्येक घटनेपुढे तिचा ‘प्रकार’ लिहिला गेला पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे.

अडचण अशी की, जिथे पाहावे तिथे व्हायरस, हॅकिंग, फिशिंग, रॅन्समवेअर, डेटा चोरी अशी नावे एकाखाली एक दिलेली आढळतात आणि एकच घटना त्यांतल्या तीन-चार नावांखाली बसते. अलीकडच्या तीन घटना उदाहरणादाखल देते. पहिली, नोंदणी कक्षातील काही संगणकांना अचानक प्रिंटर आणि सर्व्हर दिसेनासे झाले, बाकीचे व्यवस्थित चालत होते. दुसरी, नोकरी सोडून गेलेल्या एका तंत्रज्ञाच्या लॉगिनने रात्री उशिरा रुग्णांचे अहवाल उघडले गेल्याचे सॉफ्टवेअरच्या नोंदींत दिसले. तिसरी, लेखा विभागातील सहकाऱ्याने जीएसटीची नोटीस समजून ई-मेलसोबत आलेली झिप फाइल उघडली, परंतु त्यानंतर काहीच घडले नाही.

यांपैकी उल्लंघन कोणते आणि केवळ बिघाड कोणता? नोंदवहीत प्रकार लिहिण्याची एखादी सुसंगत पद्धत आहे का? आमच्याकडे स्वतंत्र आयटी विभाग नाही. बर्डीवरचे एक संगणक दुरुस्तीवाले गरजेनुसार येऊन जातात.

परसोडी_नेटवर्क

ताई, गोंधळ होतो तो आपल्या समजुतीतल्या त्रुटीमुळे नव्हे, तर त्या याद्यांच्या मांडणीमुळे. फिशिंग हे आत शिरण्याच्या मार्गाचे नाव आहे, व्हायरस हे साधनाचे, रॅन्समवेअर (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) हे साधनही आहे आणि परिणामही, तर डेटा चोरी हा निव्वळ परिणाम आहे. ही चार नावे एकाच रकान्यात कोंबली की एकच घटना चार ठिकाणी बसणार, यात नवल नाही. त्याऐवजी नोंदवहीत तीन रकाने ठेवावेत : कोणती परवानगी ओलांडली गेली, कोणत्या वाटेने ओलांडली गेली आणि ओलांडणारा कुठवर पोहोचला. नुकसान झाले की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. परवानगी ओलांडली गेली असेल, तर एक पैशाचेही नुकसान न होता उल्लंघन झालेले असते आणि परवानगीचा संबंधच नसेल, तर दिवसभर काम बंद पडूनही तो बिघाडच राहतो.

आपली दुसरी घटना यातल्या सर्वांत सामान्य प्रकारात मोडते : अनधिकृत प्रवेश. येथे कोणी कुलूप तोडलेले नाही, जुनी किल्ली परत घेतली गेली नव्हती इतकेच. माझ्या पाहण्यात लहान संस्थांतील बहुतेक उल्लंघने याच जातीची असतात. नोंदणी कक्षातील चौघांचे मिळून एकच लॉगिन, त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आणि कोणी नोकरी सोडली तरी तो बदलायचा नाही, कारण बदलला तर उरलेल्या तिघांना सांगत बसावे लागते. अशा ठिकाणी नोंदींमध्ये ‘रिसेप्शन’ने अहवाल उघडला एवढेच कळते, माणूस कधीच कळत नाही. आपल्याकडे निदान तंत्रज्ञाचे नाव तरी सापडले, याचा अर्थ प्रयोगशाळेत वेगवेगळी लॉगिन आहेत. ती पद्धत खालच्या मजल्यावरही न्यावी.

याच प्रकाराचे बाहेरचे रूप म्हणजे पासवर्डचा अंदाज बांधत राहणे. सर्व्हर घरून वापरता यावा म्हणून कोणी रिमोट डेस्कटॉपचे (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचे) ३३८९ हे पोर्ट, म्हणजे प्रवेशद्वार, थेट इंटरनेटवर उघडून ठेवले असेल, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉग उघडून ४६२५ क्रमांकाच्या नोंदी पाहाव्यात. अयशस्वी लॉगिनचा तो क्रमांक आहे. मध्यरात्रीनंतर काही सेकंदांच्या अंतराने ‘अॅडमिनिस्ट्रेटर’, ‘अॅडमिन’, ‘टेस्ट’, ‘स्कॅनर’, ‘बॅकअप’ अशा नावांची रांग लागलेली दिसेल. कोणी आपल्यावर डूख धरून बसलेले नसते. इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम असतात. पोर्टचा क्रमांक बदलून काही दिवस शांतता मिळते, संरक्षण मिळत नाही.

आता पहिल्या घटनेविषयी. सर्वांना नव्हे, फक्त काही संगणकांना सर्व्हर दिसेनासा होतो, हे लक्षण मला ओळखीचे वाटते. अडलेल्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही आज्ञा द्यावी आणि आलेल्या मजकुरात ‘डीएचसीपी सर्व्हर’ (संगणकांना पत्ते वाटणारे उपकरण) ही ओळ शोधावी. आपल्या नेटवर्कचे पत्ते, समजा, १९२.१६८.१०ने सुरू होत असतील आणि अडलेल्या संगणकाला मात्र १९२.१६८.०ने सुरू होणारा पत्ता मिळालेला असेल, तर इमारतीत कोणीतरी दुसरा राउटर जोडला आहे आणि तो आपल्या आधी पत्ते वाटून मोकळा होत आहे, असे समजावे. संगणक सुरू होताना ‘मला पत्ता द्या’ अशी हाक सर्वांना ऐकू जाईल अशी मारतो आणि सहसा जो आधी उत्तर देईल त्याचे ऐकतो. म्हणूनच काही संगणक अडतात आणि ज्यांचा जुना पत्ता अजून मुदतीत आहे ते चालत राहतात. त्यानंतर ‘एआरपी -ए’ ही आज्ञा देऊन त्या परक्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाला कारखान्यात दिलेला क्रमांक) टिपून ठेवावा. त्यातल्या पहिल्या तीन जोड्यांवरून तो कोणत्या कंपनीचा आहे हे कळते आणि स्विच मॅनेज्ड (आतल्या नोंदी दाखवणारा) असेल, तर तो स्विचच्या कोणत्या छिद्रावर (पोर्टवर) बसला आहे तेही कळते. नसेल, तर एकेक केबल काढून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

हीच यंत्रणा हेतुपुरस्सर वापरली की तिला वेगळे गांभीर्य येते. एआरपी हा आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याचा नियम १९८२ सालचा असून त्यात ‘हा पत्ता माझा आहे’ असे म्हणणाऱ्याचा पुरावा मागण्याची सोयच नाही. नेटवर्कवर बसलेला कोणीही ‘गेटवे (नेटवर्कबाहेर जाण्याचा दरवाजा) मीच’ असे सांगू शकतो आणि मग सर्वांची वाहतूक त्याच्या संगणकावरून पुढे जाते. ‘एआरपी -ए’ने आलेल्या यादीत गेटवे आणि दुसरा एखादा संगणक या दोघांपुढे एकच मॅक पत्ता दिसू लागला, तर ते फार वाईट लक्षण आहे. बँकेची किंवा ई-मेलची संकेतस्थळे एचटीटीपीएस या कूटबद्ध पद्धतीवर असल्यामुळे बऱ्यापैकी सुरक्षित राहतात. परंतु रक्ततपासणीची यंत्रे सर्व्हरकडे निकाल पाठवतात ते बहुधा कोणत्याही कूटलेखनाविना, साध्या मजकुराच्या रूपात. मधे बसलेल्याला रुग्णाचे नाव, वय आणि निकाल सरळ वाचता येतात. आपले प्रतीक्षागृहातले वाय-फाय याच नेटवर्कवर आहे असे आपण लिहिले आहे, म्हणजे फलकावरचा पासवर्ड वाचणारा प्रत्येक जण त्या वाहतुकीच्या शेजारी येऊन बसतो.

सेवा ठप्प करण्याचे हल्ले, म्हणजे डीडॉस, यांविषयी फार लिहीत नाही. ते होतात, पण निदान केंद्राच्या वाट्याला क्वचित येतात आणि आलेच तर ते आपल्या दाराशी थांबवता येत नाहीत, इंटरनेट पुरवठादाराला वरच थांबवावे लागतात. मात्र नेटवर्क ठप्प झाले की लोक पहिल्यांदा हेच नाव घेतात, म्हणून सांगतो : एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये खोचली गेली, तर संदेश गोल गोल फिरत राहतात आणि सगळे नेटवर्क मिनिटभरात बसते. मे महिन्यात आपल्याकडचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला की बंद कपाटातले स्विच आपोआप बंद-चालू होऊ लागतात. काही ठिकाणी त्यावर उपाय म्हणून सर्व्हरच्या खोलीत कूलर लावलेला पाहिला आहे. त्या दमट हवेने पोर्टच्या धातूच्या पट्ट्या काळवंडतात आणि पावसाळ्यापर्यंत निम्मी पोर्टे मरतात. हे सारे बिघाड आहेत, नोंदवहीत बिघाडांसाठी केलेल्या वेगळ्या भागात जावेत.

राहिला प्रश्न कुठवर पोहोचला याचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा रकाना तोच. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध केली गेली आणि बाह्यरुग्ण विभागाचे काम अनेक दिवस कागदावर चालवावे लागले. शासनाने संसदेत दिलेल्या उत्तरात त्याचे कारण नेटवर्कची अयोग्य विभागणी असे नमूद आहे. त्याआधी १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरले, तेही याच गुणावर : पोर्ट ४४५वरील फाइल शेअरिंगमधील एका दोषातून ते शेजारच्या संगणकावर स्वतःहून उडी मारत असे. मायक्रोसॉफ्टने त्या दोषावरची दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती. ज्या संगणकांनी ती घेतली नव्हती त्यांच्यातून ते दीडशे देशांत पोहोचले. आपल्याकडे नोंदणी कक्ष, यंत्रे, कॅमेरे आणि लेखा विभाग एकाच सपाट नेटवर्कवर आहेत. त्यामुळे आज तिथे घडणारे कोणतेही उल्लंघन, मग ते कितीही किरकोळ वाटेने आलेले असो, ‘सर्वत्र पोहोचू शकते’ असेच लिहावे लागेल.

प्रशासन_धंतोली

आपल्या सूचनेप्रमाणे आज तपासणी केली. अडलेल्या दोन्ही संगणकांचे पत्ते खरोखरच वेगळ्या मालिकेतले निघाले. शोध घेता घेता दुसऱ्या मजल्यावर एका सहकाऱ्याच्या टेबलाखाली घरगुती राउटर सापडला. तिथे मोबाइलला रेंज मिळत नसल्यामुळे त्याने तो घरून आणला होता. भिंतीवरून आलेली केबल ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ लिहिलेल्या छिद्रात खोचलेली होती आणि त्याचे वाय-फाय कोणत्याही पासवर्डविना उघडे होते.

त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकते. तरीही हे उल्लंघन म्हणून नोंदवायचे का? संचालकांपैकी एकांचे म्हणणे आहे की, त्याला उगीच गुन्हेगार ठरवल्यासारखे होईल.

बर्डीचा_केबलवाला

नोंदवायलाच हवे, असे माझे मत आहे. मात्र त्यात त्याचे नाव ठळक अक्षरांत लिहिण्याऐवजी ‘दुसऱ्या मजल्यावर वाय-फायची सोय नव्हती’ हे कारण ठळक लिहावे. सोय करून दिली नाही, तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या टेबलाखाली दुसरा राउटर निघेल.

परसोडीच्या भाऊंचे विवेचन योग्य असले तरी एका बाबतीत ते आतल्या माणसांवर जास्त रोख ठेवतात, असे मला वाटते. मी स्वतः केबल टाकण्याचे आणि कॅमेरे बसवण्याचे काम करतो आणि माझ्या अनुभवात लहान संस्थांमधील सर्वांत मोठे भगदाड आमच्या व्यवसायातल्या लोकांना दिलेल्या प्रवेशातून पडते. कॅमेरे बसवून झाले की डॉक्टरसाहेब म्हणतात, मला घरून मोबाइलवर दिसले पाहिजे. घाईत असलेला माणूस राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करतो (म्हणजे बाहेरून थेट रेकॉर्डरपर्यंत वाट उघडतो), रेकॉर्डरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवतो आणि निघून जातो. त्या क्षणापासून आपला रेकॉर्डर जगाच्या रस्त्यावर उभा असतो. २०१६ साली मिराई नावाचा प्रोग्रॅम नेमका अशाच कॅमेऱ्यांच्या आणि रेकॉर्डरच्या मागे लागला होता. त्याच्याजवळ कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती, तेवढ्यावर त्याने लाखो उपकरणे ताब्यात घेतली आणि २१ ऑक्टोबरला डाइन या कंपनीच्या डीएनएस सेवेवर (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या) मारा करून अमेरिकेतील कितीतरी नावाजलेली संकेतस्थळे काही तास बंद पाडली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना आपण त्या हल्ल्यात सामील होतो याचा पत्ताही नव्हता. तेव्हा ताईंनी नोंदवहीत हाही प्रकार ठेवावा : आपल्यावर हल्ला नाही, आपल्या उपकरणातून दुसऱ्यावर हल्ला.

तीच कथा दूरस्थ मदतीच्या सॉफ्टवेअरची. हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाला, प्रिंटरवाला, यंत्राच्या कंपनीचा अभियंता, प्रत्येक जण आपापले सॉफ्टवेअर टाकून त्याला कायमचा पासवर्ड लावून जातो, जेणेकरून पुढच्या वेळी फोन करून विचारावे लागू नये. एका ग्राहकाच्या सर्व्हरवर अशी वेगवेगळी सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू स्थितीत आढळली होती आणि त्यांतले एक कोणी टाकले हे शेवटपर्यंत कोणाला सांगता आले नाही. ताईंनी आपल्या दुरुस्तीवाल्यासमोर बसून प्रत्येक संगणकाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील चिन्हे तपासावीत आणि ज्याला वाली नाही ते काढून टाकावे. कोणी वाईट मानले तरी चालेल. मीसुद्धा मानणार नाही.

विभागणीबद्दल एक व्यवहाराची बाजू मांडतो. व्हीलॅन (एकाच स्विचवरची स्वतंत्र उप-नेटवर्के) करा असे सांगणे सोपे असते, पण रक्ततपासणीच्या यंत्राला जोडलेला संगणक विंडोज सेव्हनवर असतो, त्याचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झालेले असतात आणि यंत्राची कंपनी लेखी कळवते की, त्यात काहीही बदलले तर सर्व्हिस करार रद्द होईल. तेथे अँटिव्हायरससुद्धा टाकता येत नाही. अशा वेळी करायचे काय?

परसोडी_नेटवर्क

केबलवाले भाऊ, बाहेरच्यांना दिलेल्या प्रवेशाविषयी आपले म्हणणे मान्य आहे आणि ते माझ्या मांडणीच्या विरोधात जात नाही : तोही परवानगी परत न घेतल्याचाच प्रकार झाला.

यंत्राच्या संगणकाला हात लावायचाच नाही, त्याच्याभोवतीची वाट अरुंद करायची. त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवून फक्त निकाल घेणाऱ्या सर्व्हरच्या एकाच पत्त्याशी आणि एकाच पोर्टशी बोलू द्यावे. इंटरनेट नाही, प्रिंटर नाही, शेअर केलेले फोल्डर नाहीत. कंपनीच्या अभियंत्याला दुरून पाहायचे असेल, तर त्याने फोन करावा, तेवढ्या वेळापुरती वाट उघडावी आणि काम संपताच बंद करावी. यात यंत्रातील काहीच बदलत नाही, त्यामुळे कराराचा प्रश्न सहसा येत नाही. फक्त पत्त्यांची मालिका बदलणार असेल, तर कंपनीला आधी विचारावे, कारण काही यंत्रांत सर्व्हरचा पत्ता आतमध्ये पक्का भरलेला असतो. अशा वेळी मालिका तीच ठेवून बाकीच्यांना हलवणे सोपे जाते. एवढ्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. व्हीलॅन समजणारा साधा स्मार्ट स्विच आणि नियम लावता येणारा एक फायरवॉल पुरतो.

सिव्हिल_लाइन्स_वकील

हेतूचा प्रश्न निघाला आहे, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये या विषयासाठी दोन पायऱ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या की संचालकांची शंका फिटेल. कलम ४३ मध्ये संगणकाच्या किंवा नेटवर्कच्या मालकाच्या परवानगीवाचून केलेल्या कृत्यांची जंत्री आहे : प्रवेश करणे, माहिती उतरवून किंवा नकलून घेणे, व्हायरस घुसवणे, नुकसान करणे, काम विस्कळीत करणे, अधिकृत व्यक्तीला प्रवेश नाकारणे, दुसऱ्याला अशा प्रवेशासाठी साहाय्य करणे, आपल्या वापराचा आकार दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे, माहिती नष्ट करणे किंवा बदलणे आणि सोर्स कोड चोरणे. या कलमाखाली जबाबदारी आहे ती भरपाईची. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले गेले, तर कलम ६६ लागते आणि तो गुन्हा होतो, ज्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. राउटर आणणाऱ्या सहकाऱ्याने आपल्या नियमांचा भंग केला, परंतु त्याच्या ठायी कपट नव्हते, त्यामुळे त्याला गुन्हेगार ठरवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नोंदवहीतील नोंद म्हणजे आरोपपत्र नव्हे.

दुसरी घटना मात्र मी हलक्यात घेणार नाही. सोडून गेलेल्या तंत्रज्ञाच्या लॉगिनने अहवाल उघडले गेले, याचा अर्थ त्यानेच उघडले असा लगेच होत नाही. त्याचा पासवर्ड आत काम करणाऱ्या दुसऱ्या कोणाला माहीत असू शकतो. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हे कलम ६६सी खाली येते. म्हणून त्या व्यक्तीला फोन करून जाब विचारण्याआधी नोंदी सुरक्षित कराव्यात : कोणत्या संगणकावरून किंवा कोणत्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता, कोणते अहवाल. लॉगिन बंद करावे, पुसून टाकू नये. लॉगिन पुसले की काही सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या नावाच्या जुन्या नोंदींपुढे नुसता क्रमांक उरतो.

बहुतेक तक्रारी जिथे ढिल्या पडतात, ती बाब म्हणजे पुरावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला असून इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी पूर्वीच्या कलम ६५बीची जागा कलम ६३ ने घेतली आहे. त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (मजकूर बदलला की बदलणारा तिचा आकडी ठसा) लिहावे लागते. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो हे पाठबळ म्हणून ठीक, पण मूळ लॉग फाइल वेगळ्या डिस्कवर नकलून तिचा हॅश त्याच दिवशी काढून ठेवलेला असेल, तर पुढे कोणी बोट ठेवू शकत नाही. संगणक ‘साफ करून’ देणाऱ्या दुरुस्तीवाल्याला आधी थांबवावे. त्याच्या दृष्टीने फॉरमॅट ही दुरुस्ती असते, आमच्या दृष्टीने तो पुराव्याचा नाश असतो.

आणखी एक कर्तव्य अनेकांना ठाऊक नसते. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, त्यांच्या जोडपत्रात नमूद केलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवावी लागते, सर्व प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि संगणकांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवलेली असावी लागतात. हे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत. प्रशासनताईंनी ते जोडपत्र अवश्य पाहावे. संचालकांना हवा असलेला ‘प्रकार’ लिहिण्यासाठी त्यातील वीस नावे तयार मिळतील : अनधिकृत प्रवेश, दुर्भावनायुक्त प्रोग्रॅम, ओळखीची चोरी व फिशिंग, सेवाखंडन, माहितीचा भंग वगैरे. तीन रकाने परसोडीकरांचे आणि चौथा या जोडपत्रातला, असे केल्यास उद्या कळवण्याची वेळ आली तर शब्द शोधत बसावे लागणार नाही. घड्याळांचा मुद्दा किरकोळ वाटतो, परंतु सर्व्हरचे घड्याळ सात मिनिटे पुढे आणि कॅमेऱ्याचे अकरा मिनिटे मागे असेल, तर रात्रीच्या त्या प्रवेशाच्या वेळी खुर्चीवर कोण बसले होते, हे चित्रीकरणावरून सिद्ध करणे अशक्य होऊन बसते.

पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, अन्यथा शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. या अधिनियमाखालील गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारीच करतो. केवळ भरपाई हवी असेल, तर पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, चालतात. रुग्णांच्या माहितीसंबंधी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संचालकांनी मुळातून वाचावा. माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद त्यात आहे. कमाल आकडा मोठ्या कंपन्यांना नजरेसमोर ठेवून असला, तरी कर्तव्य लहानांवरही आहे.

प्रशासन_धंतोली

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. त्या लॉगिनच्या नोंदी आज वेगळ्या डिस्कवर घेतल्या आणि लॉगिन बंद केले. तिसऱ्या घटनेबद्दल अद्याप कोणी लिहिलेले नाही. झिप फाइल उघडली, आत काहीच दिसले नाही, संगणक पूर्वीसारखाच चालतो आहे. अँटिव्हायरसनेही काही दाखवले नाही. यात नोंदवण्यासारखे आहे का?

परसोडी_नेटवर्क

तीन घटनांपैकी मला हीच सर्वांत जास्त खटकते. जीएसटीच्या खऱ्या नोटिशीसाठी पोर्टलवर लॉगिन करून पाहण्याची सोय असते, ती झिपमधून येत नाही. आणि उघडल्यावर ‘काहीच न घडणे’ हे अशा फाइलचे अपेक्षित वर्तन आहे. पहिला तुकडा अगदी लहान असतो. त्याचे काम एवढेच की, बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधून पुढचा तुकडा आणायचा आणि संगणक पुन्हा सुरू झाला तरी आपण जिवंत राहू अशी तजवीज करायची. नंतर कोणीतरी तो प्रवेश वापरतो, कधी काही तासांनी, कधी काही आठवड्यांनी. पुण्यातील कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा आत शिरलेल्या मालवेअरच्या आधारे एटीएमच्या मागण्या एका बनावट स्विचकडे (येथे स्विच म्हणजे पैशांची मागणी मंजूर करणारी प्रणाली) वळवण्यात आल्या होत्या आणि २८ देशांतून पैसे काढले गेले. पैसे काढण्याचे काम दोन-तीन दिवसांत उरकले, परंतु त्याची तयारी नेटवर्कच्या आत आधीपासून झालेली होती.

तेव्हा करायचे ते असे. त्या संगणकाची नेटवर्क केबल काढावी, वाय-फाय बंद करावे, पण वीज बंद करू नये, कारण काही खुणा फक्त मेमरीत असतात. ती ई-मेल पुसू नये, तिचे संपूर्ण हेडर (ती कोठून, कोणत्या मार्गाने आली याचा तपशील) साठवावे. त्या संगणकावर ज्या ज्या खात्यांत लॉगिन झाले होते, म्हणजे बँक, जीएसटी पोर्टल, ई-मेल आणि सर्व्हर, त्या सर्वांचे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलावेत. त्याच संगणकावरून बदलले, तर नवे पासवर्डही त्यालाच सांगितल्यासारखे होईल. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेलेच असे धरून चालावे. मग टास्क शेड्यूलर उघडून त्या तारखेनंतर तयार झालेली कामे पाहावीत, स्टार्टअपमधील नवी नावे पाहावीत आणि राउटरच्या नोंदींत तो संगणक रात्री, लेखा विभाग बंद असताना, बाहेर कोणाशी बोलत होता का ते तपासावे. शेवटच्या तपासणीतूनच बहुतेक वेळा सुगावा लागतो. काही आढळले नाही तरी पुराव्याची प्रत घेऊन झाल्यावर विंडोज नव्याने टाकावी. लेखा विभागाच्या संगणकाच्या बाबतीत ‘बहुधा ठीक असेल’ यावर मी विसंबणार नाही.

तो संगणक विंडोज १०वर असेल, तर नव्याने टाकताना ११ टाकावी, कारण १०ची नियमित साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नोंदवहीत या घटनेपुढे वाट ‘फिशिंग’, परवानगी ‘लेखा विभागाच्या वापरकर्त्याची’ आणि पोहोच ‘अनिश्चित, तपास चालू’ असे लिहावे. ‘अनिश्चित’ लिहायला लोक कचरतात आणि ‘नुकसान नाही’ लिहून पान उलटतात. आणि बॅकअपची डिस्क त्या संगणकाला कायमची जोडलेली असेल, तर ती आज संध्याकाळी कार्यालय बंद होण्यापूर्वी काढून ठेवावी.

बर्डीचा_केबलवाला

एक भर. केबल काढताना भिंतीकडचे टोक काढावे, संगणकाकडचे नव्हे. सकाळी सफाईला येणारी माणसे लोंबकळणारी केबल दिसली की निघाली असेल असे समजून परत खोचतात. मी अशा केबलच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळतो आणि त्यावर ‘विचारल्याशिवाय जोडू नये’ असे लिहून ठेवतो.